जे आधी होईल ते

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण घरगुतीच आहे. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी नवीन गाडी घेतली. पुण्याहून, लातूरहून, न्यू जर्सीहून सगळ्यांचे फोन आले आणि प्रत्येकाने एकच विचारलं, "हीच का घेतली?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगून थकलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी जुन्या गाडीविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

२००९ साली मी निवृत्त झालो. फंडाचे पैसे हातात आले, त्यातून मुलीच्या लग्नाचं देणं फिटलं, घराला गिलावा झाला आणि उरलेल्या पैशात २०११ च्या जानेवारीत आम्ही आयुष्यातली पहिली कार घेतली. तोवरचं आमचं वाहन म्हणजे बजाज एम-८०. तिला वॉरंटी होती की नाही, मला आठवत नाही. मंडी बाजाराजवळच्या मिस्त्रींनी "गुरुजी, जा बिनघोर" म्हटलं की झाली वॉरंटी. परत बिघडली तर मिस्त्री हसत हसत पुन्हा खोलायचे आणि आम्ही बाकड्यावर बसून चहा प्यायचो.

कार घेतली तेव्हा मात्र एक जाडसर पुस्तिका हातात पडली. इंग्रजीत होती. मी मराठीचा बी.ए., इंग्रजी वाचता येतं पण हळूहळू. पहिल्या पानावर वर्षं आणि किलोमीटर दिलेले होते, ते वाचलं, समाधान झालं आणि पुस्तिका गाडीच्या खणात देवीच्या अंगाऱ्याशेजारी ठेवून दिली.

त्याच वर्षी डिसेंबरात हिच्या छातीत दुखायला लागलं. तेव्हाच्या औरंगाबादला नेलं, बायपास झाली. पुढचे चार महिने मी त्या दवाखान्यातून या दवाखान्यात. गाडी अंबाजोगाईत दारात उभी, वर ताडपत्री. माझं हात-पाय थरथरायचे, हायवेवर गाडी घालायची हिंमत नव्हती. एसटीने जायचो. गाडीची वर्षाची सर्व्हिसिंग जानेवारीत करायची होती, ती झाली मे महिन्यात. गाडी तेव्हा फिरली होती ६,८०० किलोमीटर. सर्व्हिसिंग १०,००० ला करायची असते असं डोक्यात होतं, त्यामुळे उशीर झाला असं मला वाटलंच नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये पॉवर स्टिअरिंग गेलं. केजच्या अलीकडे चालत्या गाडीत स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ही शेजारी बसलेली, ऑपरेशनला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. कशीबशी गाडी बाजूला घेतली. वॉरंटी दोन वर्षांची होती, तीन-चार महिने शिल्लक होते. म्हटलं, चला, होईल फुकटात.

कंपनीचं नि वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, त्याने काही साधत नाही. काऊंटरवरच्या मुलाने पुस्तिका उघडली, सर्व्हिसिंगच्या पानावर बोट ठेवलं आणि मान खाली घातली. तो माझाच विद्यार्थी निघाला! आठवीला मी त्याला व्याकरण शिकवलेलं. म्हणाला, "सर, इथं बघा. दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने. तुमची सोळाव्या महिन्यात झाली."

मी म्हटलं, "पण दहा हजार झालेच नव्हते की रे."

तो म्हणाला, "सर, 'किंवा'च्या पुढं अजून आहे. जे आधी होईल ते."

मंडळी, एकतीस वर्षं मी मुलांना 'किंवा' हे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून शिकवलं. चहा घेणार किंवा कॉफी? म्हणजे दोन्हीतलं एक निवडायचं. निवडणारा आपण. कंपनीच्या पुस्तिकेतल्या 'किंवा'मध्ये निवड आपली नसते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. बिल झालं २७,४०० रुपये. तेव्हाच्या माझ्या पेन्शनीत ते किती मोठे होते ते सांगत बसत नाही. दिले.

तक्रार करायला हवी होती का? हो. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ पासून होता, बीडला जिल्हा मंच होता, आणि बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीविषयी मी स्वतः शाळेत मुलांना माहिती सांगितलेली होती. चार महिन्यांच्या उशिराचा आणि स्टिअरिंगच्या मोटरचा काय संबंध, एवढं तरी विचारता आलं असतं. पण हिची औषधं, तिची पथ्यं, बीडला हेलपाटे... नाही गेलो. दोन वर्षांची मुदत असते तक्रारीला, ती उलटून गेली. आता २०१९ चा नवा कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. पण माझं स्टिअरिंग तेवढं थांबायला तयार नव्हतं. असो.

तर ती गाडी त्यानंतर मात्र तेरा वर्षं गुणाने चालली. जानेवारी २०२६ मध्ये तिची पंधरा वर्षं भरणार, म्हणजे पुन्हा नोंदणी, पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च. इकडे हिला दर महिन्याला लातूरला तपासणीसाठी न्यावं लागतं. बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला रेल्वे पोचली, अहिल्यानगरपर्यंत गाडी सुरू झाली, आम्हा मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण अंबाजोगाईहून लातूरला जायला ती काही कामाची नाही. त्याच महिन्यात २२ तारखेपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. मुलगी म्हणाली, "बाबा, आता घ्याच."

घरात लगेच दोन पक्ष पडले. जावईबापू ह्युंदाईचे. पुण्यात त्यांच्याकडे सात वर्षांपासून ह्युंदाई आहे. त्यांचं म्हणणं, एक्स्टर घ्या. माझा धाकटा भाऊ लातूरला असतो, तो मारुतीचा. मारुती ८०० पासून त्याच्या दारात दुसरी गाडी लागलेली नाही. त्याचं म्हणणं, वॅगनआर. दोघंही मला रंग, चाकं, मोठा स्क्रीन असलं काहीबाही सांगायचे. मी म्हटलं, मला फक्त एक सांगा, वॉरंटी कोणाची चांगली? दोघंही म्हणाले, "आमची."

मग मी दोनशे पानी वही घेतली. मधोमध रेघ मारली. डावीकडे मारुती, उजवीकडे ह्युंदाई.

जावईबापूंनी पहिल्याच फोनला सांगितलं होतं, "बाबा, मारुती दोनच वर्षं देते, चाळीस हजार किलोमीटर. ह्युंदाई तीन वर्षं देते आणि किलोमीटरला मर्यादाच नाही." ऐकून मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण एकदा तोंड पोळलेलं. लातूरला जाऊन स्वतः विचारलं, तर कळलं की जावईबापूंची माहिती खरी होती पण शिळी होती. मारुतीने ९ जुलै २०२४ पासून दिलेल्या सगळ्या गाड्यांना वॉरंटी वाढवून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. म्हणजे वर्षं दोघांचीही तीनच. फरक राहिला किलोमीटरचा. एकीकडे लाख, दुसरीकडे अमर्याद.

अमर्याद! शब्द केवढा भारदस्त. पण मी जुन्या गाडीचा हिशेब काढला. महिन्याला लातूरची एक फेरी, जाऊन येऊन सव्वाशेच्या आत. दोन लग्नं, एक पंढरपूर, दिवाळीला पुणे. कितीही ताणलं तरी वर्षाला सात हजार. तीन वर्षांत एकवीस हजार. लाख किलोमीटर व्हायला मला चौदा वर्षं लागतील, मी अठ्ठ्याऐंशीचा होईन. मला लाखही अमर्यादच की! जो माणूस रोज परळी-बीड करतो, त्याला तीन वर्षांच्या आतच लाख किलोमीटर होतील, त्याच्यासाठी हा फरक सोन्याचा. (भाड्याने फिरवायची असेल तर अटी निराळ्या असू शकतात, ते आधी विचारून घ्यावं.) माझ्या वहीत त्या रकान्यात मी 'सारखेच' असं लिहिलं.

इथे ह्युंदाईची एक जुनी गोष्ट मला फार आवडली. २०१९ मध्ये त्यांनी ग्रँड आय१० निऑस आणली, तेव्हा गिऱ्हाइकाला निवड दिली होती: तीन वर्षं आणि एक लाख किलोमीटर, चार वर्षं आणि पन्नास हजार, किंवा पाच वर्षं आणि चाळीस हजार. म्हणजे तुम्ही जास्त फिरत असाल तर किलोमीटर घ्या, कमी फिरत असाल तर वर्षं घ्या. माझ्यासारख्याला ती पाच वर्षांचीच सोयीची पडली असती. खराखुरा विकल्प म्हणतात तो हा, निवडणारा गिऱ्हाईक! जावईबापूंना हे सांगितलं तर म्हणाले, "बाबा, तुम्ही गाडी घेताय की व्याकरणाचा तास?"

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला फोन केला तर तो हसला. "मामा, तीन वर्षं काय घेऊन बसलात, इथं ह्युंदाई दहा वर्षं देते." खोटं नव्हतं. १९८६ साली ह्युंदाईची पहिली गाडी अमेरिकेत गेली, एक्सेल नावाची. स्वस्त म्हणून धो धो खपली, आणि बिघडते म्हणून तितकीच बदनाम झाली. लोक टर उडवायचे. मग १९९८ साली कंपनीने इंजिन आणि गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैल असं जाहीर केलं. पहिला मालक असेल तरच पूर्ण दहा वर्षं, गाडी विकली तर पुढच्याला कमी. त्याही आधी, १९६३ साली, क्रायस्लर कंपनीने तिथे पाच वर्षं किंवा पन्नास हजार मैल दिले होते. मला यातून एवढंच कळलं की ज्याच्यावर लोकांचा विश्वास बसलेला नसतो त्याला जामीन मोठा द्यावा लागतो. आपल्याकडे लग्न जमवताना नाही का, स्थळात काही उणं असलं की मध्यस्थ आवाज चढवून बोलतो! अर्थात त्या दहा वर्षांमुळे पुढे ह्युंदाईला गाड्या खरोखर चांगल्या बनवाव्या लागल्या असतील, नाहीतर दुरुस्त करता करताच दिवाळं निघालं असतं.

भाच्याने आणखी एक सांगितलं. तिकडे १९७५ च्या कायद्यामुळे "आमच्याच वर्कशॉपला या, नाहीतर वॉरंटी रद्द" असं कंपनीला म्हणता येत नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मोठा दंड ठोकला होता, त्यातही हा मुद्दा होता: बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. त्यावर अपिलं झाली. मी काही कोर्टात जाणाऱ्यातला नाही हे २०१२ मध्येच सिद्ध झालेलं आहे, तेव्हा ठरवलं की वॉरंटी आहे तोवर त्यांच्याच दारात जायचं.

आता तो विद्यार्थी. वही अर्धी भरली तेव्हा मला त्याची आठवण झाली. त्याने ती नोकरी कधीच सोडली, आता लातूर रस्त्याला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. मी गेलो तर त्याने हातातलं काम टाकलं, खुर्ची पुसली. म्हटलं, बाबा रे, मला आतली गोष्ट सांग.

म्हणाला, "सर, तुम्हाला खरं सांगू का, काऊंटरवरचं पोरगं तुमचा शत्रू नसतं. वॉरंटीत काम करतं डीलरचं वर्कशॉप, पैसे देते कंपनी. आम्ही जुना पार्ट काढून त्याला चिठ्ठी लावून ठेवायचो, जॉब कार्ड, चासी नंबर, मीटरचं रीडिंग, आधीच्या सगळ्या सर्व्हिसिंगची नोंद असं सगळं कंपनीला पाठवायचं. कंपनीनं मंजूर केलं तर ठीक, नामंजूर केलं तर भुर्दंड डीलरला. आणि मग मालक आमच्यावर उखडायचा. तुमच्या फायलीत चार महिन्याचं भोक होतं सर. मला माहीत होतं की हे परत येणार."

मी विचारलं, "मग काहीच करता आलं नसतं?"

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "आलं असतं. दवाखान्याची कागदं लावून वर अर्ज केला असता तर कधी कधी कंपनी सवलत म्हणून अर्धा खर्च उचलते. नियमात नसतं, पण करतात. मी नवीन होतो सर. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. पुढं कळलं तेव्हा तुम्हाला फोन करायला लाज वाटली."

तेरा वर्षं तो मुलगा हे मनात घेऊन फिरत होता. मला माझ्या सत्तावीस हजारांचा राग होता, आणि त्याला त्याचं हे. मी काही बोललो नाही, पाठीवर हात ठेवला. त्याने चहा मागवला.

मग त्याने मला जे सांगितलं ते वहीतल्या सगळ्या रकान्यांपेक्षा कामाचं होतं. वॉरंटीत काय येतं यापेक्षा काय येत नाही ते आधी वाचा, म्हणाला. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, फिल्टर, म्हणजे जे झिजण्यासाठीच असतं ते कुणीच देत नाही. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी त्यांच्या त्यांच्या कंपन्यांची. सुरुवातीच्या फुकट सर्व्हिसिंगमध्ये फुकट असते ती मजुरी, ऑइलचे पैसे पडतातच. उंदरांनी वायरी कुरतडल्या तर ते वॉरंटीत नाही (शेताजवळ घर असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचा). आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरून हॉर्न, लाइट, म्युझिक सिस्टिम असलं काही वायर कापून बसवलं की पुढे विजेचं काही बिघडलं तर कंपनी पहिलं बोट तिकडे दाखवणार. सीएनजी हवा असेल तर कारखान्यातूनच बसवलेला घ्या. या सगळ्यात मारुती आणि ह्युंदाई यांच्यात मला तरी मोठा फरक दिसला नाही.

पेट्रोलचंही विचारलं. जुन्या गाडीच्या पुस्तिकेत दहा टक्के इथेनॉलपर्यंतच चालेल असं होतं, आणि आता पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं. नव्या गाड्या वीस टक्क्यांसाठीच बनवलेल्या आहेत, दोन्ही. आमच्या जिल्ह्यातले लाखो लोक दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊस तोडायला जातात, आणि त्याच उसाचं इथेनॉल माझ्या टाकीत येतं, हे मला पहिल्यांदाच इतकं जवळून जाणवलं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गैरहजर असायची, ती याच उसापायी. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

शेवटी विद्यार्थ्याने विचारलं, "सर, ही कंपनी पंधरा वर्षं इथं राहणार का, हे बघितलंत का?" मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाला, शेवरले आठवते का? जनरल मोटर्सने तळेगावला मोठा कारखाना टाकला होता. २०१७ मध्ये त्यांनी भारतात गाड्या विकणं बंद केलं. २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. या कंपन्यांनी सर्व्हिस आणि सुटे भाग देत राहू म्हणून सांगितलं होतं, पण गाडीमालकाच्या पोटात जो गोळा आला तो आलाच. त्यात गंमत अशी की तोच तळेगावचा कारखाना घ्यायचा करार २०२३ मध्ये ह्युंदाईने केला, आणि आता तिथे ह्युंदाईच्या गाड्या बनतात. मारुती १९८३ पासून आहे, ह्युंदाईची सँट्रो १९९८ मध्ये आली. दोघंही आता मुरलेले. वर्कशॉपं मारुतीची देशात पाच हजारांच्या वर, ह्युंदाईची साधारण दीड हजार. पण लातूरला दोघांचीही आहेत, आणि लातूरला आम्हाला दर महिन्याला जायचंच आहे. ही तपासणीला आत, गाडी सर्व्हिसिंगला. एकाच फेरीत दोन्ही कामं. तिथेही वहीत 'सारखेच'.

असं करत करत माझ्या वहीतले बहुतेक रकाने सारखे निघाले. एका मराठी मास्तरने तीन आठवडे अभ्यास करून निष्कर्ष काय काढला, तर काही नाही! भाऊ म्हणाला, "तू उगाच कीस काढलास." पण मला तसं वाटत नाही. दोन्हीकडे सारखं आहे हे स्वतः वाचून कळणं आणि कुणीतरी सांगितलं म्हणून मान डोलावणं, यात फरक आहे. आणि तसंही, फरक जिथे होता ती जागा मला शेवटी सापडली. ती तीन वर्षांनंतरच्या वर्षांत होती.

दोन्ही कंपन्या जादा पैसे घेऊन वॉरंटी वाढवून देतात. मारुतीत चौथं वर्ष किंवा १,२०,००० किलोमीटर, पाचवं किंवा १,४०,०००, सहावं किंवा १,६०,०००. एक्स्टरला सातव्या वर्षापर्यंत. म्हणजे इथे ह्युंदाई एक वर्ष पुढे. मूळ वॉरंटी चालू आहे तोवर ती कधीही घेता येते, पण सुरुवातीला घेतलेली स्वस्त पडते.

मी ठरवलं, वाढवायची नाही. माझा हिशेब सरळ होता. पंचावन्ननंतर लायसन्स पाच पाच वर्षांचंच मिळतं. माझं २०२३ मध्ये नूतनीकरण झालं, ते २०२८ ला संपेल. गाडीची मूळ वॉरंटीही २०२८ लाच संपेल. तेव्हा मी सत्त्याहत्तरचा. पुढे डॉक्टर सर्टिफिकेट देतील की नाही, मोतीबिंदूचं काय होईल, कुणी सांगावं. दोन्ही मुदती कशा छान जुळल्यात, असं मी कौतुकाने हिला सांगितलं.

ही स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे अठ्ठावीस साली तुमचं लायसन संपलं की मी लातूरला जायचं नाही?"

मी म्हटलं, "तसं नाही, पण..."

"पण काय? पुतण्या आहे. नातवाचं लायसन निघंल. गाडी काय तुमच्या एकट्याच्या हातानं चालती? जेवढी जास्त मिळते तेवढी घ्या."

"अगं, सात वर्षं म्हणजे आपण..."

"ते मला माहितीये कितीचे होतो ते," ही म्हणाली. "दवाखान्यात मला दोन वर्षं सांगितली होती. त्याला आता चौदा होतील."

मी वही मिटली. २०११ मध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं ते हिला ठाऊक आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही कुणी सांगितलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लातूरला गेलो. आधी एक्स्टरमध्ये बसवलं. गाडी देखणी, सीट छान, पण हिचा उजवा गुडघा अडखळला, पाय उचलून आत घ्यायला हात धरावा लागला. मग वॅगनआर. दार उघडलं, ही खुर्चीवर बसावं तशी सरळ बसली. म्हणाली, "ह्यात चढावंबी लागत नाही अन् वाकावंबी लागत नाही." एवढ्यावर ठरलं. जावईबापू, राग मानू नका. तुमच्या गाडीचं एक वर्ष जास्त होतं हे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलेलं आहे, पण गुडघ्यापुढे कुणाचं चालत नाही.

वॉरंटी सहाव्या वर्षापर्यंत वाढवून घेतली. सही करताना काऊंटरवरच्या मुलीला म्हटलं, "बाई, सगळ्या सर्व्हिसिंगच्या तारखा मला एका कागदावर मराठीत लिहून दे." तिने न कंटाळता लिहून दिल्या. महिने आणि किलोमीटर, दोन्ही. गाडी योगेश्वरीच्या देवळासमोर नेली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळं साग्रसंगीत. विद्यार्थ्याला बोलावलं होतं, त्याने बॉनेट उघडून उगाचच इकडेतिकडे बघितलं आणि "एक नंबर सर" म्हणाला.

तो तारखांचा कागद आता स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी चिकटवलाय. त्याच्याखाली हिने स्वतःच्या तपासणीच्या तारखाही लिहून टाकल्यात, त्याच पेनाने. पहिली सर्व्हिसिंग एक महिना किंवा एक हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. महिना आधी होणार हे उघड आहे, गाडी आत्ताशी तीनशे दहा फिरलीय. येत्या मंगळवारी जातोय. हिचा डबा, पाण्याची बाटली, फाईल आणि गाडीची पुस्तिका अशी पिशवी ही आजच भरून बसलीय.